न उघडलेली गादी

तुरीन शहराच्या सान पाओलो भागात एर्सीलिया आजींना ओळखत नाही असं जुनं घर सापडणं कठीण. चाळीस वर्षं त्या आणि त्यांचा नवरा गाउदेन्सियो लोकांच्या अंगणात बसून लोकरीच्या गाद्या करायचे. तो पिंजायचा, त्या शिवायच्या. दर वसंतात गादी उसवायची, लोकर धुवून उन्हात टाकायची, पिंजून पुन्हा भरायची. यात कुचराई करणाऱ्याला आजी माणसात धरत नसत.

त्यांच्या हातची एक गादी थेट संग्रहालयात पोचली होती. ओत्ताव्यो ब्रेत्सी नावाच्या कलावंतानं ती अडुसष्ट साली करवून घेतली, बायकोसोबत एक हिवाळा तिच्यावर झोपला आणि पडलेल्या दोन खळग्यांसकट चौथऱ्यावर मांडली. झाली कलाकृती. आता त्याच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि नेमकी गादीची एक शिवण उसवली. प्रदर्शन मांडणाऱ्या लोदोविकानं आजींनाच बोलावलं.

गादी पाहून आजींचं डोकं फिरलं.

"पन्नास वर्षं उघडली नाहीत? नुसती ढेकळं झालीत. लोक म्हणतील, गाउदेन्सियोला पिंजता येत नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव घालवताय तुम्ही."

"आजी, फक्त शिवण घाला. खळगे तसेच राहू देत."

"उद्यापर्यंत फुलवून देते की नाही बघ."

"मग ते दोघं जातील ना."

"कोण दोघं? इथं कोण झोपलंय?" आजींनी कात्री शिवणीला लावलीसुद्धा.

त्यांचा हात धरायचा लोदोविकाला धीर होईना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "घरची गादी दरवर्षी पिंजता?"

"मग? न चुकता." आजी थांबल्या. "म्हणजे, पिंजायचे. तो गेल्यापासून सहा वर्षं नाही उघडली."

आजींनी एका खळग्यावर हात ठेवला.

"भिंतीकडे झोपायचा तो," आजी म्हणाल्या. "तिथं अजून खोल आहे."

त्यांनी कात्री खाली ठेवली. सुईत दोरा ओवायला त्या दिवशी बराच वेळ लागला. मग खळग्यांना जराही धक्का न लावता त्यांनी तेवढीच शिवण घातली.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी शेजारची देल्फीना सोबत आली होती. गादी बघून तिनं नाक मुरडलं. "एवढी गादीवाली तू, आणि ही ढेकळं? दाबून बघू दे जरा."

"हात लावू नकोस," आजी हळूच म्हणाल्या. "माणसं झोपलीत तिथं."