बांधावर लावलेली माणसं

आमच्या गावात माणूस गेला की त्याची रक्षा वेदगंगेत सोडत नाहीत. ही पद्धत माझ्या वडिलांनी पाडली, तीही स्वतः मरून. शेवटच्या आजारपणात त्यांनी बजावून ठेवलं होतं, की नदी आधीच घाण झालीय, त्यात माझी भर नको. तलावाच्या बांधावर खड्डा काढा, रक्षा त्यात घाला आणि वर जांभूळ लावा. झाडाच्या मुळ्या माती धरून ठेवतात, बांध पक्का होईल, असा त्यांचा हिशेब. भाऊबंदांनी नाकं मुरडली, पण पुढच्या वर्षापासून जो तो मेल्यावर बांधावरच यायला लागला.

आता तिथे आंबे, जांभळं, चिंचा यांची रांग उभी आहे आणि लोक त्यांना झाडं म्हणतच नाहीत. आक्का यंदा लई मोहरलीया, असं म्हणतात. एका चिकट म्हाताऱ्याच्या आंब्याला अजून फळ धरलेलं नाही. जिवंतपणी कुणाला चहा पाजला नाही, आता आंबे कुठले देतोय, असं त्याचे सख्खे नातूच म्हणतात.

तलाव मातीच्या बांधाचा, कोगनोळीच्या रस्त्यापासून थोडा आत. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, म्हणून बांधाची उंची वाढवून द्या अशी गावाची जुनी मागणी होती. ती एकदाची मंजूर झाली आणि पाहणीला बेळगावहून एक तरुण इंजिनियर बाई आल्या. त्यांचं मराठी बेताचं, म्हणून गावाच्या सभेत दुभाषी म्हणून मला बसवलं. मी निपाणीच्या शाळेत शिकवते, माझं कन्नड बरं आहे आणि गावाच्या मते मला सुट्ट्याही फार असतात.

बाईंनी सांगितलं ते साधंच होतं. नुसती वर माती टाकून भागत नाही. पाणी वाढलं की दाब वाढतो, म्हणून बांध पायथ्यापासून रुंद करायचा, माती थराथराने टाकून प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा. जादा पाणी बाहेर जायचा सांडवाही मोठा हवा, कारण मातीच्या बांधावरून पाणी एकदा ओसंडलं की बांध राहत नाही. बांधाखाली जी वस्ती आहे तिला धोका कसा कळवायचा, लोकांनी कुठल्या वाटेने वर यायचं, हेही आधीच ठरवायचं. गावाने सगळ्याला माना डोलावल्या. मग शेवटची अट आली. बांधावरची सगळी झाडं मुळासकट काढायची. मुळ्या भरावात शिरतात, आणि एखादी कुजली की तिच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते.

सभा तिथेच मोडली. एकाने मला बजावलं, त्यांना सांग, ती आमची माणसं आहेत. दुसऱ्याचं म्हणणं, कुठे पाझर असलाच तर तो खेकड्यांनी केला असेल. असल्या वेळी खेकडे फार उपयोगी पडतात. शेवटी गाडी माझ्यावर आली. पहिलं झाड तुमच्या घरचं. तुझ्या आईनं ते तोडू दिलं तर बाकीच्यांचं बघू, असं ठरलं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मी समजवायला गेले, तर म्हणाली, तुला काय, तू दिवसभर शाळेत असतीस. ते खरं होतं. ती रोज सकाळी बांधावर जायची, जांभळाला गावातल्या बातम्या सांगायची आणि मग खालच्या अंगाला म्हशीसाठी गवत कापायची. मला वस्तीतली माझ्या वर्गातली मुलं दिसत होती, तिला वडील दिसत होते.

बाई पुन्हा आल्या तेव्हा बांधाच्या पायथ्याने चालत निघाल्या. मी बरोबर होते. ऐन उन्हाळा, सगळीकडे रखरखाट, आणि एकाच ठिकाणी गुडघाभर हिरवं गवत. आई तिथेच विळा घेऊन बसलेली. बाईंनी मान वर करून पाहिलं. नेमकं आमचं जांभूळ. त्यांनी टाचेने जमीन दाबली, तर खळग्यात पाणी भरलं. ते बाटलीत घेऊन उन्हात धरलं. गढूळ होतं. स्वच्छ पाझर असता तर एक वेळ चाललं असतं, हा तर बांधाची माती घेऊन बाहेर येतोय, असं त्या मला कन्नडमध्ये म्हणाल्या. मला मराठीत सांगावं लागलं नाही. निपाणीच्या बाजारात जन्म गेलेल्या आईला एवढं कन्नड कळतं.

आई विळा खाली ठेवून त्या गवताकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, वरनं ह्येच म्हशीला चारा घालत्यात," ती म्हणाली.

मला वडिलांचा राग आला. इतका विचार करून गेलेला माणूस, आणि नेमकं हेच चुकावं. रडूही येत होतं, पण बाईंसमोर आवरलं. बांध असाच ठेवून पाणी वाढवलं तर काय होईल, असं आईने विचारलं. धरणार नाही, आणि फुटला तर पहिल्यांदा वस्ती जाईल, असं बाई म्हणाल्या. कापलेलं गवत तिथेच टाकून आई घरी आली. संध्याकाळी देवळापुढे लोक बसले होते, तिथे जाऊन तिने सांगितलं, आमचं तोडा.

तलाव तळाला गेल्यावर काम सुरू झालं. झाडं तोडणाऱ्याला मजुरी द्यायची नाही, त्याने लाकूड न्यायचं, असा ठराव होता, आणि लाकूड जाणार होतं वीटभट्टीला. जांभूळ आडवं झालं. बुंध्याखाली जेसीबीने खणलं तेव्हा एक मूळ पार खालच्या बाजूपर्यंत गेलेलं निघालं आणि त्याच्या कडेने हात जाईल एवढी पोकळी. सगळ्यांनी वाकून पाहिली. खेकड्यांचं नाव कुणी काढलं नाही.

ओंडके ट्रॉलीत चढायला लागले तशी आई पुढे झाली आणि ते खाली उतरवायला सांगू लागली. तोडणारा तसा गरीब स्वभावाचा. आक्का, भट्टीला न्यायचं ठरलंय, म्हणाला.

"एकदा जाळलंय त्यास्नी," आई म्हणाली. "पुन्हा न्हाय."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मागे बांधावर लोक आपापल्या झाडांजवळ उभे होते, त्यांनी ते ऐकलं होतं. त्या दिवशी बांधावरून एकही ट्रॉली भरून गेली नाही.