मास्तरांची तीन मतं

१९९९ सालच्या ऑगस्टमधला रविवार. आगाशीतल्या आमच्या गणेश मंडळाच्या सभेला आम्ही सात सभासद आणि आठवे पास्कल मास्तर हजर होतो. विषय होता गीतस्पर्धेच्या परीक्षकाचं मानधन, रुपये पाचशे एक.

मास्तर शेजारच्या नंदाखाल गावचे. चर्चमध्ये गाणाऱ्यांची गाणी बसवायचे आणि आमच्याकडे भजनाला पेटीही वाजवायचे. तीन वर्षं तेच आमचे परीक्षक होते. त्यांची एक सवय मला खटकायची. मूल गायला उभं राहिलं की ते आधी विचारत, "बाय, तुझं कोण आलंय? कुठं बसलंय?" मुलगा असला तर "बाबा". दर मुलामागे अर्धा मिनिट, बावीस मुलं, म्हणजे अकरा मिनिटं वाया. मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "सेक्रेटरी, गाणं कोणाच्या घरी जाणार ते नको कळायला?"

निकालानंतर परीक्षकाने दोन शब्द बोलायचे, अशी आमच्याकडे पद्धत. ते शब्द मी इतिवृत्तात उतरवून घ्यायचो. पहिल्या वर्षी मास्तर म्हणाले, "नंबर गाण्याला मिळत नाही, त्या दिवशीच्या घशाला मिळतो." दुसऱ्या वर्षी, "स्पर्धा नसती तर या पोरीचा गळा तिच्या घरालाही कळला नसता." तिसऱ्या वर्षी, "लहान मुलांच्या स्पर्धा बंद करा."

त्या सभेत मी तिन्ही वाक्यं वाचून दाखवली आणि पुढे मानधन जोडलं. दोनशे एक्कावन्न, पाचशे एक, वर्गणी कमी आली म्हणून पुन्हा दोनशे एक्कावन्न. "मास्तर, यंदा पाचशे एक आहेत. म्हणजे यंदा स्पर्धा चांगली ना?"

"सेक्रेटरीनं मास्तरांची पट्टी ओळखली!" खजिनदार म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आकडे बरोबर आहेत, सेक्रेटरी. वही छान ठेवता." एवढं बोलून ते उठले. पुन्हा आमच्या मांडवात आले नाहीत.

पाच वर्षांनी त्यांच्या मातीला गेलो. चर्चबाहेर वसईच्या पाचूबंदरची एक कोळीण उभी होती. दुसऱ्या वर्षी पहिली आलेल्या मुलीची आई. मी मंडळाचा म्हटल्यावर म्हणाली, "पोरीचं गानं तिचा बापूस बंद करनार होता. मास्तर त्याच्याकडं बगूनच बोलले. आता पोर शाळेत गानं शिकवते."

घरी येऊन वही काढली. ती वाक्यं वाचताना बाकीचं आठवत गेलं. पहिल्या वर्षी ताप असूनही गायलेली एक मुलगी शेवटची आली होती आणि आईला बिलगून रडत होती. तिसऱ्या वर्षी दुसरा नंबर आला म्हणून एका बापाने मुलाला मांडवामागे थोबाडीत मारली होती. त्याचा हात मीच धरला होता. पाच मिनिटांनी मास्तर माइकपाशी गेले, तेव्हा मी मान खाली घालून लिहीत होतो. वाक्यं अचूक उतरवली. ते कोणाकडे बघून बोलत होते, ते एकदाही पाहिलं नाही.

मास्तर उठून गेले त्या १९९९ ला आम्ही विरारहून दुसरे परीक्षक आणले होते. त्यांनी कोणत्याही मुलाला काही विचारलं नाही. कार्यक्रम अकरा मिनिटं लवकर संपला, अशी माझ्या अक्षरात समाधानाची नोंद आहे. तिच्याखाली खर्च आहे: परीक्षकांना मानधन पाचशे एक, रिक्षाभाडं साठ, एकूण रुपये पाचशे एकसष्ट दिले.