वर्षाच्या आतला माणूस

बेंगळुरूत व्हाइटफील्डच्या ऑफिसात माझं काम आलेखावर देशांच्या रेषा काढण्याचं. मध्यंतरी बरेच महिने भारत आणि जर्मनी यांच्या निव्वळ प्राथमिक उत्पन्नाची वर्षानुवर्षांची तुलना चालू होती. नाव भारदस्त, अर्थ सोपा. आपल्या लोकांनी परदेशातून मिळवलेला पगार, व्याज, नफा घ्यायचा आणि परक्यांनी आपल्याकडून नेलेला वजा करायचा. जर्मनीची रेष शून्याच्या वरून ऐटीत चालते, आपली शून्याखालून.

नवरा बोम्मसंद्र्याच्या एका जर्मन मालकीच्या कारखान्यात. तिथला नफा तिकडे जातो, म्हणून मी त्याला चिडवायचे, तुमच्यामुळेच आमची रेष बुडते. मग मूळ कंपनीने त्याला यंत्रं बसवायला अकरा महिन्यांसाठी तिकडे बोलावलं. पगारही तिकडचाच. विमानतळावर तो म्हणाला, "चल, आता तुझी रेष जरा वर उचलतो."

त्यात तथ्य होतं. वर्षाच्या आत परतणारा माणूस आमच्या हिशेबात आपलाच रहिवासी, त्याची तिकडची कमाई आपली. वर्षाहून जास्त राहणार असेल, तर तो तिथला. मग त्याने घरी पैसे पाठवले तरी ते वेगळ्या रकान्यात पडतात. हा नियम मी ऑफिसातल्या नव्या लोकांना जांभया देत समजावत आले होते.

तो गेला आणि घरातली मराठी बंद पडली. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, रिक्षावाल्याशी कन्नडमधलं 'स्वल्प' नि 'सरी', म्हणजे 'थोडं' नि 'बरं'. कुकरची शिट्टी झाली की मी मोठ्याने "झाली एकदाची" म्हणायचे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. मी नागपूर सोडून इथे आले ती त्याच्याबरोबर. त्याच्याशिवाय या शहरात माझं काही नव्हतं, आणि हे कळल्यावर मला त्याचाच राग यायचा.

समोरच्या फ्लॅटमध्ये अक्का राहतात. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचं. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, त्या मजल्यावरच्या प्रत्येक घरी माणशी एक होळिगे देतात. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, जरा पातळ. तो नुकताच गेला होता तेव्हाच्या उगादीला त्यांनी दोन आणल्या. मी म्हटलं, "अक्का, मी एकटीच आहे."

"एकटी कशी? तो येणार की. दोघांच्या दोन."

मला बरं वाटलं. अक्कांचा हिशेब आणि आमच्या ऑफिसचा हिशेब जुळला होता.

परतीला महिना उरला असताना एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. कंपनी आणखी दोन वर्षं थांब म्हणतेय. "तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं, पण आवाजावरून त्याचं ठरलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, "मग तू आमच्यात धरला जाणार नाहीस."

तो हसला. "अगं, पैसे तर पाठवणारच ना मी."

"ते वेगळ्या रकान्यात जातात."

त्याला ती ऑफिसची गंमत वाटली. ये, मला इथे करमत नाही, एवढं साधं वाक्य मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, बघ, तुला योग्य वाटेल ते कर. तो तिकडेच थांबला.

नंतर लिफ्टमध्ये अक्कांनी विचारलं तेव्हा मी हसत सांगितलं, राहतोय तो अजून दोन वर्षं. त्या "सरी" म्हणाल्या. मी मात्र आठवडाभर ऑफिसात त्या नियमावर चिडून होते. माणूस कुठला, हे ठरवणारं कॅलेंडर कोण? त्याचे शर्ट माझ्या कपाटात आहेत, त्याची चप्पल दाराशी आहे.

यंदाच्या उगादीला सकाळीच बेल वाजली. अक्कांनी झाकलेली ताटली हातात दिली, गालावरून हात फिरवला आणि शेजारच्या दाराकडे वळल्या. मी आत येऊन झाकण काढलं. ताटलीत एकच होळिगे होती, वर भरपूर तूप. अक्कांना तो नियम कुणीही सांगितला नव्हता.