डुक्कर कोणी धरलं?

आमच्या गावावर रोम चालून आलं नव्हतं. आम्हीच जाऊन बोलावून आणलं, आणि आणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता माझा शेजारी स्तेनियस, कौलं भाजणारा.

डोंगरातले लोक दर वर्षी आमची गुरं हाकून न्यायचे. स्तेनियसची जीभ चुरूचुरू चालायची, म्हणून पंचांनी त्यालाच रोमला धाडलं. तिथल्या सभेत तो ढसाढसा रडला म्हणे. रोमनांना पाझर फुटला, करार झाला. त्यांच्या रीतीप्रमाणे पुजाऱ्याने गारगोटीने डुक्कर मारलं आणि म्हणाला, जो शब्द मोडेल त्याचं असंच होवो. डुकराचे पाय स्तेनियसने धरले होते. वर्षभर गावात तेच मिरवत होता.

डोंगरवाले हटले, गुरं वाचली. पण करारात असं होतं की रोमचा मित्र तो आमचाही मित्र, आणि मित्राच्या मदतीला धावायचंच. दर वसंतात पोरं फौजेत न्यायला रोमचा माणूस यायचा. पुढे हरलेले डोंगरवालेही रोमचे मित्र झाले, मग त्यांना पलीकडचे छळू लागले! रोमच्या मित्रांना मेलं कोणी कधी सुखाने जगूच देत नाही. अशाच कुठल्याशा मित्रापायी स्तेनियसचा थोरला, ओवियस, उत्तरेत मेला. कुठे पुरला तेही कळलं नाही. राहिला धाकटा नोवियस.

गेल्या शरदात समुद्रकाठच्या गावाहून तीन माणसं आली. शेजाऱ्यांनी त्यांच्या होड्या जाळल्या होत्या. रोमला जाऊन काय बोलायचं, ते त्यांना स्तेनियसकडून शिकायचं होतं. त्याने पुढ्यात हरभरे आणि अंजीर ठेवले.

"परत जा," तो म्हणाला. "होड्या पुन्हा बांधता येतात."

"तुमचं बरंय, काका," त्यांतला तरुण फणकारला. "तुमच्या गुरांना आता कोण हात लावतंय? स्वतःचं भागलं, आणि आम्हाला शहाणपण शिकवताय!"

"अरे बाबा, तुझ्या होड्यांसाठी माझा नोवियस जाईल रे!"

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटलं असणार. ते गेलेच. मला राग आला तो स्तेनियसचा, रोमला पहिला तोच गेला होता. पण त्याला रोमला धाडताना वाटेची भाकरी मीच बांधून दिली होती.

वसंतात नोवियसला बोलावणं आलं. फौज समुद्राकडे निघाली, आणि पुढे वाट दाखवायला तेच तिघे. वेशीपाशी स्तेनियसला पाहून तो तरुण धावत आला.

"काका, झालं काम! करार झाला!"

"डुक्कर कोणी धरलं?"

"मी!" तो छाती फुगवून म्हणाला.

त्याच्यामागून जाणाऱ्या रांगेत स्तेनियस नोवियसला शोधत होता. "मुलगे किती तुला?"

"दोन, काका. का हो?"