श्री. पाहुणे यांचा सत्कार

गफूरचाचा माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या बाहीला हात लावत. कापड दोन बोटांत धरायचं, अंगठा एकदा फिरवायचा, मगच "या साहेब." मारेगावजवळच्या आमच्या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम, आणि इतक्या वर्षांत बोटांना दुसरी ओळखपद्धत उरली नव्हती. मी रुजू झालो त्या दिवशी माझी नव्या शर्टाची बाही चाचपून ते चौकीदाराला म्हणाले, "पाहुना हाये." केवढं हे अगत्य, म्हणून मी हरखलो. वर हक्काने चहाही मागवला.

मी पुण्याहून डेटा मॅनेजर होऊन आलो होतो. कंपनीत तोवर असलं पद नव्हतं. पण गाड्या वाढल्या, खरेदी केंद्रं वाढली, ओलावा मोजायचं यंत्र आलं आणि आकडे कापसाच्या गंजीएवढे साचले. मग शेठनी ठरवलं की कुठे केंद्र उघडायचं आणि कोणाचं काम ठेवायचं, हे यापुढे आकडेच सांगतील. आकड्यांच्या वतीने बोलायला मी.

माझा अहवाल दोन पानांचा होता. दुसऱ्या पानावर एवढंच होतं, की प्रत यंत्रावर ठरू शकते, तेव्हा गफूरचाचांचं पद बंद करावं. पहिलं पान मात्र माझ्या अभिमानाचं. चाचांच्या जुन्या वह्या मी संगणकात चढवल्या होत्या. शेतकऱ्याच्या नावापुढे ते एकच शब्द लिहीत. मला ते आडनाव वाटलं. 'घरचा' लिहिलेल्या नोंदी शेठच्या घरच्या असणार, म्हणून मी गाळल्या. उरलेल्यांची आडनावावर बेरीज केली, तर एकच आडनाव सगळ्यांच्या वर आलं, पाहुणा. शुद्धलेखन सुधारून मी त्याचं 'पाहुणे' केलं. कंपनीला सर्वांत जास्त माल देणारे श्री. पाहुणे! शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार आणि त्यांच्या गावी नवं केंद्र, असं धोरणच मी मांडलं. गाव तेवढं सापडेना.

बैठकीच्या सकाळी मी गंजीपाशी जाऊन चाचांनाच गाव विचारलं आणि अहवाल त्यांच्या हातात दिला. दोन्ही पानं मीच स्टेपल केली होती, हे त्यांनी पान उलटल्यावर मला आठवलं. दुसरं पान त्यांनी सावकाश वाचलं. पुन्हा पहिल्यावर आले आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"साहेब, हे पाहुने कोनी मानूस नाई."

गेल्या सालचा उरलेला कापूस नव्यात मिसळून आला, की ते 'पाहुणा' लिहीत. एकाच शेतातला ताजा असला, तर 'घरचा'. म्हणजे चांगला माल मी गाळून टाकला होता आणि भेसळीला शाल पांघरायला निघालो होतो. सरळ भेसळच का नाही लिहिलं, मी चिडून विचारलं.

"कधी गाडी भेटत नाई, कधी घरात बिमारी असते. राह्यते कापूस पडून. त्याले चोर कायले लिवाव? पाहुना म्हटलं का थोही समजते, मीबी समजतो."

मला फाटकावरचा माझा पहिला दिवस आठवला, आणि तो चहाही.

चाचांनी नखाने पिन उपसली. पहिलं पान घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "हे पयलं शेठपुढं नेऊ नोका. लोकं हासतीन तुमाले."

आणि ते पुन्हा गंजीकडे वळले. दुसरं पान हातात धरून मी ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलो. तिथून परत येऊन पहिलं पान मागून घेतलं.

बैठकीत मी श्री. पाहुण्यांची हकीकत साद्यंत सांगितली. शेठ डोळे पुसेपर्यंत हसले. हसणं थांबायच्या आत मी म्हणालो, की यंत्राला ओलावा कळतो, पाहुणा कळत नाही. आणि दुसरं पान त्यांच्यासमोरच फाडलं. त्यानंतर चाचांच्या शेऱ्याशिवाय एकही नोंद माझा संगणक घेईना. त्यांच्या खोलीवर 'डेटा पडताळणी' अशी पाटी लागली. ती बघून म्हणाले, "काम थेच हाये साहेब, पाटी नवी."

दोन हंगाम असे गेले. मग त्यांची बोटं बधिर होऊ लागली. कोणाला कळण्याआधी त्यांनीच शेठना सांगितलं, "आता बोटं खोटं बोलून राह्यले," आणि काम सोडलं.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम तोच पहिल्या दिवसाचा शर्ट घातला होता. आता कॉलर विरलेली. फाटकाशी चाचांनी माझी बाही धरली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. बोटांना काही लागेना. तेव्हा वाकून त्यांनी ती बाही गालाला लावली.

मग चौकीदाराकडे वळून म्हणाले, "घरचा हाये."