मावशी गोड बोलली तेव्हा

कॅन्सरच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचा वॉर्ड होता. तिथल्या चादरी, फरशी आणि जेवणाची ताटं बघणाऱ्या मावशीला पोरं पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. मावशीला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बावीस वर्षं तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. “उठा राजे, चादर बदलायचीय. कॅन्सर तुला झालाय, चादरीला नाही!” असं ती बिनदिक्कत म्हणे. नवखे पाहुणे हादरायचे, पोरं मात्र खिदळायची. घरचे, मित्र, शेजारी सगळे त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपत. भांडणारी अशी मावशी एकटीच होती.

तिचं सगळ्यात जास्त वाजायचं ते खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीशी. वय वीस, कायद्याचं शिक्षण अर्धवट टाकून आलेली, म्हणून मावशीने तिचं नाव ठेवलं वकीलबाई. सूप अळणी, उशी कडक, फिनेलचा वास डोक्यात जातो, अशी रोज नवी तक्रार, आणि मावशीचा निकाल रोज एकच: “गप गिळ!” केमोचे चार डोस दोघींनी असे भांडत भांडत पार पाडले होते.

मग वरच्या साहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सगळ्या मावश्यांना दिवसभराचं प्रशिक्षण दिलं. विषय, रुग्णांशी गोड कसं बोलावं. शेवटी गुळगुळीत कागदावर प्रमाणपत्रही मिळालं. बाकीच्या चहा पिऊन विसरल्या, पण हिने ते मनाला लावून घेतलं. आपल्या फाटक्या तोंडाने किती लेकरांची मनं दुखावली असतील, या विचाराने बिचारीला परतताना बसमध्येच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईचा पाचवा डोस होता, आणि तिच्या स्कॅनचा रिपोर्टही यायचा होता. सकाळी तिने नेहमीसारखं ताट बाजूला सारलं. मावशीने तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “राहू दे हं बाळा. नको वाटतंय तर नको खाऊस.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीला वाटलं, मळमळत असेल.

तासाभराने मुलीची आई धावत आली. “मावशी, काय बोललात हो तिच्याशी? कपडे भरतेय ती. डोस घेणार नाही, घरी जाऊन मरते म्हणते!”

हातातला पोछा तिथेच टाकून मावशी धावली. वकीलबाई पिशवीत कपडे कोंबत होती.

“रिपोर्ट वाईट आलाय ना?” ती म्हणाली. “तुम्हाला सगळं आधी कळतं. उगाच नाही तुम्ही गोड बोलणार.”

करायला गेली एक नि झालं भलतंच! मावशीने कपाळावर हात मारला आणि प्रशिक्षणाची सगळी कथा सांगितली.

“पुरावा?” मुलीने विचारलं.

मावशीने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेलं प्रमाणपत्र काढलं. वकीलबाईने ते उलटसुलट वाचलं, तारीखसुद्धा तपासली.

“आणि रिपोर्ट?”

“यायचाय अजून. सकाळपासून दोनदा सिस्टरला विचारून आले.”

“वाईट आला तर? तेव्हा बोलाल असं गोड?”

मावशी खाटेवर बसली. मावश्यांनी खाटेवर बसायचं नाही असा नियम होता, पण आज तिने तो मोडला.

“वाईट आला तर आधी रडेन,” ती म्हणाली. “मला नाही बाई लपवता येत. मग तोंड धुऊन भांडायला येईन. शेवटपर्यंत भांडेन तुझ्याशी, सोडणार नाही.”

त्या वॉर्डात ‘शेवट’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. दारात उभ्या आईने तोंडावर हात दाबून धरला.

मुलगी मावशीच्या खांद्यावर कोसळली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मावशीही रडली. किती घाबरली होती ही पोर, आणि एवढे महिने भांडूनही आपल्याला ते दिसलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

रिपोर्ट अजून आला नव्हता. सिस्टर सुई घेऊन आली, तेव्हा मुलीने स्वतःच बाही वर सरकवली.