काकूंचं विज्ञान

मनापासून नावडणाऱ्या विषयाच्या अभ्यासाला माणूस रोज कशाच्या जोरावर बसतो, सांगाल? मोहने गावातल्या आमच्या चाळीत समोर राहणाऱ्या काकूंनी बाहेरून दहावी द्यायला घेतली. बाकीचे विषय सुटले, विज्ञान दोनदा राहिलं. यंदा राहिलं तर घरचे पुन्हा बसू देणार नाहीत.

रोज दुपारी त्या पुस्तक घेऊन आमच्या दारात येतात आणि त्याच्याशी भांडतात. "भिंगातून उलटं दिसतं म्हणे. मग बघू नका ना मेल्यांनो!"

एकदा मी विज्ञानाने माणूस कसा मोकळा होतो, यावर तावातावाने बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तक मिटलं. "झोप आली बघ. तू समजवू नको रे, नुसता बस."

मी गप्प बसलो, तशी त्यांनी भिंगाची आकृती काढली. चुकली, खोडली, शिव्या देत पुन्हा काढली. मी उठलो की मात्र पुस्तक मिटतं. हे कसलं बळ, मला खरंच कळत नाही.

सोमवारपासून मला दिवसपाळी आहे. मोहन्यात कुणाची दुपार मोकळी असेल, तर येऊन काकूंजवळ बसा. विज्ञान येत नसलं तरी चालेल.